रुखवतातला मधला पुठ्ठा

॥ श्री ॥

नाशिक,
२२ जानेवारी १९९३

ति. सौ. इंदूवहिनीस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

महत्त्वाचं शेवटी सांगायचा माझा स्वभाव नाही, म्हणून आधीच सांगते. आमच्या सुरभीचं लग्न ठरलं. मुलाचं नाव यशोधन, राहणार पुण्याचा, नोकरी चांगली, कान जरा मोठे आहेत. लग्न मे महिन्यात इथेच नाशिकला करायचं आहे. शरदराव आत्तापासूनच कार्यालयांच्या चकरा मारताहेत आणि घरी येऊन माझ्यावर वैतागताहेत.

आता तुझं काम. रुखवत तू करायचंस. थर्माकोलचं देऊळ आणि क्रोशाचे रुमाल सुरभीला नकोत. तिच्या होणाऱ्या नणंदेने, संहिताने, तिला एक परदेशी मासिक दाखवलं. त्यात जाड पुठ्ठ्याचे तुकडे नाना आकारांत कापलेले, त्यांवर जुनी चित्रं, लेस, बटणं, फिती डकवलेल्या, आणि सगळं मुद्दाम जुनाट दिसेल असं केलेलं. ह्याला व्हिंटेज म्हणतात. आपण ज्याला अडगळ म्हणून माळ्यावर टाकतो, ते आता मासिकात छापून येतं. मी म्हटलं, पुठ्ठा आणि जुनी चित्रं म्हणजे आमच्या इंदूरच्या घरी भरपूर. बाबांनी आणि दादाने मिलमधून आणलेली, कापडाच्या थानावर चिकटवायची ती रंगीत चित्रांची तिकिटं अजून आहेत ना? लहानपणी त्या पोपटाच्या तिकिटासाठी मी त्याला चावले होते.

दुसरं दादाचं. मामा म्हणून सुरभीच्या पाठीशी त्यालाच उभं राहायचंय, आणि अंतरपाट नेहमीसारखा त्याच्याकडूनच यायचा. माझ्या लग्नात बाबांनी मिलचं कापड आणलं होतं, पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात दादाने आणलं. मी त्याला दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. काय चाललंय तुमच्याकडे, खरंखरं कळव.

माझ्या भाच्याला, देवेंद्रला, आशीर्वाद. लोभ आहे तो टिकवावा, आणि पोपटाचं तिकीट माझं आहे हे लक्षात ठेवावं.

तुझी,
कुमुद

॥ श्री ॥

परदेशीपुरा, इंदूर,
६ फेब्रुवारी १९९३

सौ. कुमुदवन्सं यांस,
इंदुमतीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग गल्लीभर सांगत सुटले. शेजारच्या बेबीने तर लगेच विचारलं की बरात बसने येणार की ट्रेनने. तिला सांगितलं, बाई गं, लग्न नाशिकला आहे, जायचं आपल्यालाच आहे.

तुम्ही खरंखरं विचारलंत म्हणून लिहिते. मिलच्या फाटकाला कुलूप लागल्यापासून तुमचे दादा घरात असून नसल्यासारखे आहेत. पहिल्या पाळीचा भोंगा आता वाजत नाही, तरी हे त्याच वेळेला उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि ओट्यावर जाऊन बसतात. कुणी हरीभिया म्हणून हाक मारली तर मान हलवतात. देवेंद्र कॉम्प्युटरच्या क्लासचं काही सांगायला लागला तर ऐकून घेतात, पण ऐकत नाहीत. घर माझ्या शिवणाच्या मशीनवर आणि त्याच्या शिकवण्यांवर ठीकठाक चालतंय, त्याची काळजी नको.

लग्नाचं मी सांगितलं. त्यांना आनंद झाला, तो मला दिसला. पण म्हणाले, मी येणार नाही, शरदच्या भावाला उभा करा. बाजारातलं कुठलंही कापड खरेदी करून मी मामा म्हणून मिरवू काय, असं त्यांचं म्हणणं.

अजून एक गोष्ट आहे. ती मनातच ठेवणार होते, पण तुमच्याशिवाय सांगू कुणाला? मिलच्या दुकानातून शेवटी शेवटी त्यांनी पांढऱ्या लाँगक्लॉथचा एक मोठा तुकडा आणला होता. काठावर मिलचा शिक्का आहे. पेपरात गुंडाळून ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवलाय. कुणासाठी म्हणून विचारलं, तर सहज म्हणाले, माझ्यासाठी, शेवटी लागेल तेव्हा आपल्या मिलचंच असावं. वन्सं, माणूस बावन्न वर्षांचा, दात सगळे शाबूत, आणि हे असलं बोलतो.

रुखवत मी करते. हाताला काम लागलं की डोकं गप्प बसतं. माळ्यावर थान गुंडाळायच्या करड्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला, तिकिटांचा डबाही निघाला. झोक्यावरची मडम, हत्तीवरची लक्ष्मी, तुमचा पोपट, सगळे खुशाल आहेत.

शरदरावांना नमस्कार, सुरभीला पोटभर आशीर्वाद. लोभ आहे तसाच असू द्यावा, वाढवला तर माझी ना नाही.

आपली,
इंदुमती

॥ श्री ॥

नाशिक,
१९ फेब्रुवारी १९९३

ति. सौ. वहिनीस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले, मग चिडले, मग शरदरावांवर ओरडले, कारण समोर तेच होते. दादाला सांग, शरदरावांचा भाऊ मामा होऊ शकत नाही, तो काका आहे. एवढं तरी मिलबरोबर बंद पडलं नसेल त्याच्या डोक्यातलं.

आणि ते ट्रंकेतलं कापड. वहिनी, तेच का नाही आणत अंतरपाटाला? मिलचं आहे, पांढरं आहे, शिक्क्याचं आहे. तू एकदा विचारून बघ. चिडला तर माझं नाव सांग. लहानपणापासून त्याने सगळा राग माझ्यावरच काढलाय, मला सवय आहे.

सुरभीने सूचना दिल्यात, त्या जशाच्या तशा पाठवते. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा म्हणजे तो पिवळट होतो. कडा उदबत्तीने हलक्या जाळायच्या. लेस नवी असेल तर तीही चहात. काही चकचकीत दिसता कामा नये. मी हे ऐकून म्हटलं की माझंच तोंड नेऊन ठेव रुखवतात, वेगळं काही करायला नको.

देवेंद्रला आशीर्वाद. प्रेम आहेच, पण आता उत्तर लवकर पाठवून ते सिद्ध कर.

तुझी,
कुमुद

॥ श्री ॥

इंदूर,
१४ मार्च १९९३

सौ. कुमुदवन्सं यांस,
इंदुमतीचा स. न. वि. वि.

उशीर झाला, पण त्याचं कारण ऐकलंत तर माफ कराल. आमच्या घरात सध्या माणसांपेक्षा कागद जास्त चहा पितात. बेबी तर येऊन विचारून गेली की भाभी, ह्यांना साखर लागते की फीकी चालते.

सप्तपदीचे सात पुठ्ठे करतेय. प्रत्येकावर पुठ्ठ्याचेच छोटे आकार कापून बसवलेत, कुठे पाऊल, कुठे कलश, कुठे फुलपाखरू. राजवाड्यामागच्या बाजारातून जरीचा गोटा आणि जुन्या चालीची लेस आणली. जुन्या इंदुरातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने शिंपल्याच्या बटणांची पुडी दिली आणि वर विचारलं, इतकी बटणं लावायची आहेत तो शर्ट आहे केवढा. मैद्याची खळ शिजवली, तिच्यात मोरचूद घातलं म्हणजे झुरळं लागणार नाहीत. कडा जाळताना एक फुलपाखरू पुरतं जळालं. बाकी सगळं असं जुनाट झालंय की सुरभीच्या मासिकाने मान खाली घालावी.

तुमचे दादा मात्र बघून बघून कासावीस होतात. जन्म गेला फोल्डिंग खात्यात. थानावर कुठे डाग नाही ना, चुणी नाही ना, हे बघायचं, मग ते पुठ्ठ्यावर गुंडाळायचं आणि कोपऱ्यात सरळ तिकीट लावायचं. आणि इथे त्यांची बायको कोऱ्या कागदाला हाताने डाग पाडते. परवा माझ्या मागे उभे राहून हळूच म्हणाले की हा माल तर परत येईल. कित्येक दिवसांत आपण होऊन काढलेला तो पहिला शब्द होता, म्हणून मी भांडले नाही.

तुम्ही सांगितलंत तसं कापडाचंही विचारलं. तुमचं नावही सांगितलं. ते जेवत होते, ताटावरून उठले. परत विचारायची माझी हिंमत नाही.

उद्या मी देवासला भावाकडे जातेय, त्याच्या नातीचं बारसं आहे. पुठ्ठे सगळे खाटेवर वाळत ठेवलेत. आल्यावर बांधून पाठवते. लोभ असावा, आणि माझ्या भावाला मुलगी झाल्यासारखं त्याने घर डोक्यावर घेतलंय, त्यातून मी सुखरूप परत यावे असा आशीर्वाद असावा.

आपली,
इंदुमती

॥ श्री ॥

इंदूर,
२१ मार्च १९९३

सौ. कुमुदवन्सं यांस,
स. न. वि. वि.

घात झाला. तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण कळवल्याशिवाय मला चैन नाही.

देवासहून आले, दार उघडलं, आणि खाटेवर नवी कोरी दिवाळी मांडलेली. माझ्या सातही पुठ्ठ्यांच्या जळक्या कडा सरळ कापलेल्या. चहाचे डाग बारीक पॉलिशपेपरने घासून काढलेले, जिथे निघाले नाहीत तिथे पांढरा कागद नव्याने ताणून लावलेला, एक बुडबुडा नाही. लेस निळीत धुऊन इस्त्री केलेली. बटणं चमकवलेली. वरून प्रत्येकाला जिलेटीन पेपर, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एकेक तिकीट. थानावर लागतं तसं.

तुमचे दादा बाजूला उभे. शर्टाच्या बाह्या वर, हाताला खळ, कानावर पेन्सिल. मला सांगायला लागले की तुझा सगळा माल ओल लागून खराब झाला होता, तू देवासला गेलीस म्हणून बरं, नाहीतर तसाच पाठवला असतास आणि सुरभीच्या सासरी आपली अब्रू गेली असती. वन्सं, मला डाग पाडताना त्यांनी बघितलं होतं, तरी इतकं डागाळलेलं कुणी मुद्दाम पाठवेल हे त्यांना पटलंच नाही; त्यांना खरंच वाटलं की माझ्या हातून बिघडलंय. मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून त्यांनी मला विचारलंही नाही, गुपचूप दुरुस्त केलं.

मी काय बोलणार? महिनाभराची माझी मेहनत पॉलिशपेपरने गेली. पण ते शीळ घालत होते. मी चहा टाकायला आत गेले आणि स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून आधी हसले, मग चांगली रडले. आणि चहा या वेळी आम्ही दोघांनीच प्यायला.

आता सुरभीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. नव्याने करायचं म्हटलं तर मी करीन, पण त्यांच्या देखत ते पुन्हा मळवायचं माझ्याच्याने होणार नाही.

लोभ असावा. आज तो जास्तच लागणार आहे.

आपली,
इंदुमती

॥ श्री ॥

नाशिक,
२ एप्रिल १९९३

ति. सौ. वहिनीस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सुरभीला मोठ्याने वाचून दाखवलं. पॉलिशपेपरपर्यंत ती रुसली होती. शिळेपर्यंत आल्यावर उठून आत गेली आणि परत आली ती नाक पुसत. म्हणाली, मामाने केलंय तसंच राहू दे, संहिताताईला मी सांगीन.

आणि वहिनी, मी विचार केला. जुन्या वस्तू त्यांच्या काळात नव्याच होत्या की. बाबा मिलमधून थान आणायचे तेव्हा ते तिकीट असं चकाकायचं की मी त्यात तोंड बघायची. तेव्हाचं खरं रूप दादाने केलं तेच. आपण चहात बुडवलं ते आपल्या मनातलं जुनं. तेव्हा पुठ्ठे आहेत तसे येऊ देत.

पण नुसते पुठ्ठे पाठवू नकोस. ते मांडायला माणूस लागेल, आणि तो माणूस दादा. कसं ते तुझं तू बघ. तुला पाहिजे तेवढं खोटं बोल, पाप माझ्या नावावर.

दादाला नमस्कार सांग, एवढाच सांग. लोभ आहे आणि राहीलच, त्याला कुलूप लावणारा अजून जन्मायचाय.

तुझी,
कुमुद

॥ श्री ॥

इंदूर,
२६ एप्रिल १९९३

सौ. कुमुदवन्सं यांस,
इंदुमतीचा स. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाका. माझा पाय मुरगळला आहे. म्हणजे मुरगळलेला नाही, पण पट्टी बांधली आहे आणि मी लंगडते आहे. डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे, असं मीच सांगितलं आहे. देवेंद्रची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात, ती मात्र खरी. तेव्हा रुखवत घेऊन जायला घरात एकच माणूस उरतो.

सुरभीच्या अंगावर अक्षता टाकायला मी नसणार, ह्याचं मला किती वाईट वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. शालू काढून ठेवला होता, तो काल परत घडी घालून ठेवला. पण मी निघाले तर हे मला बसमध्ये बसवून परत ओट्यावर जाऊन बसतील. मी नसले तरच ते येतील.

तिसऱ्या दिवशी तुमचे दादा म्हणाले, मी नुसता मांडून येईन, पाठीशी उभा राहणार नाही, कापड नाही माझ्याकडे. मी हो म्हटलं. नाशिकला पोचल्यावर तुम्ही आहात.

एक सांगायचं राहिलं. त्यांनी सातांच्या मध्ये ठेवायला आठवा पुठ्ठा आपल्या मनाने केलाय. मोठा, जाडजूड, वर पुठ्ठ्यातच कापलेली सुरभी-यशोधनची नावं, तुमचा पोपट कोपऱ्यात, आणि भोवती गोट्याची पट्टी बांधलेली. उचलायला गेले तर चांगलाच जड. आत काय घातलंत म्हणून विचारलं तर म्हणाले, पुठ्ठाच आहे. मला हात लावू देत नाहीत, मी लंगडी ना. तो मध्येच मांडा आणि सांभाळा.

सुरभीला म्हणावं, मामीचा जीव मांडवातच आहे. लोभ असावा, आणि या खोटेपणासकट असावा.

आपली,
इंदुमती

॥ श्री ॥

नाशिक,
१८ मे १९९३

ति. सौ. वहिनीस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

लग्न उत्तम पार पडलं. पाव्हणे गेले, घर रिकामं झालं, मी पाय पसरून तुला लिहितेय. दादा उद्याच्या बसने निघतोय, पण हे पत्र मी पोस्टानेच टाकते, त्याच्या हाती देण्यासारखं नाही.

आधी हसण्याचं. तुझ्या पायाचं बिंग त्याने केव्हाच ओळखलं होतं. मला म्हणाला, तुझ्या वहिनीची पट्टी सकाळी उजव्या पायाला असते आणि दुपारच्या झोपेनंतर डाव्या. मग आलास कशाला, असं विचारलं, तर म्हणाला, एवढी लंगडली बिचारी, तिची मेहनत वाया जाऊ द्यायची काय.

रुखवत त्याने स्वतः मांडलं, तिकीट न तिकीट सरळ. संहिता बराच वेळ बघत उभी होती. ही तिकिटं कसली म्हणून तिने विचारलं आणि दादा बोलायला लागला तो थांबेना. थान कसं गुंडाळतात ते त्याने तिच्या ओढणीवर करून दाखवलं. आमच्याकडच्या चार बायका, त्यांच्याकडच्या सहा, सगळ्या ऐकायला. माझा हा भाऊ इतका बोलतो हे मलाच नवीन होतं.

पण उभं राहायचं म्हटलं की नाही. सकाळपासून मी तीनदा विचारलं. शेवटी शरदरावांच्या भावाला टोपी घालून तयार ठेवला, आणि अंतरपाटाला बाजारातून एक उपरणं आणून ठेवलं. मुहूर्त जवळ आला, मुलगी गौरीहरापुढून उठली, भटजींनी अंतरपाट मागितला. मी ते उपरणं पुढे केलं. तेवढ्यात दादा रुखवताच्या टेबलाकडे गेला.

त्याने मधला पुठ्ठा उचलला. गोट्याची गाठ सोडली, नावं आणि पोपट अलगद बाजूला काढून ठेवले, वरचा जिलेटीन कागद काढला. वहिनी, आत पुठ्ठ्यावर कापड गुंडाळलेलं होतं. पांढरं, घडीवर घडी, मिलमध्ये गुंडाळायचे तसं. त्याने ते उलगडत उलगडत आणलं आणि माझ्यासमोर धरलं. काठावर मिलचा शिक्का होता.

मी ओळखलं. तू लिहिलं होतंस म्हणून ओळखलं, आणि हातातलं उपरणं बाजूला टाकलं. तो एवढंच म्हणाला की कुमुद, स्वस्तिक काढ. मी कुंकवाने काढलं. जरा वाकडं आलं, पण ठसठशीत आलं. मग दादा सुरभीच्या मागे जाऊन उभा राहिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी ना मुलीकडे बघितलं ना जावयाकडे, त्याच्याकडेच बघत होते.

अंतरपाट दूर झाला तसा तो भटजींच्या हातून त्याने मागून घेतला. त्याच पुठ्ठ्यावर परत गुंडाळला, पोपट लावला, आणि मला सांगितलं की हे आता देवेंद्रच्या लग्नाला, मग त्याच्या मुलांच्या. कापड टिकाऊ आहे, म्हणाला. मी म्हटलं, तेवढी वर्षं तुलाही टिकावं लागेल. त्याने मान हलवली, पण ती तुझ्या ओट्यावरची मान नव्हती.

तुझी आठवण पावलोपावली झाली. सुरभीने पाया पडायच्या वेळी मामाच्या शेजारची जागा रिकामी ठेवायला लावली आणि तिथेही वाकली. तुझ्या वाटची पुरणपोळी दादाबरोबर पाठवतेय.

लोभ होता, आहे, आणि आता त्यावर शिक्का आहे.

तुझी,
कुमुद

॥ श्री ॥

इंदूर,
२९ मे १९९३

सौ. कुमुदवन्सं यांस,
इंदुमतीचा स. न. वि. वि.

पुरणपोळ्या पोचल्या, तुमचे दादा पोचले, पत्र त्यांच्यानंतर पोचलं. आल्या आल्या त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं. पट्टी मी त्या दिवशी विसरलेच होते. त्यांनी विचारलं, पट्टीला आज सुट्टी का. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मग ते तसंच वाहू दिलं.

संहिताने त्यांना पत्र टाकलंय, वाढदिवसाची कार्डं तशी तिकिटं लावून करून देता येतील का म्हणून. मी चहात बुडवायची आणि त्यांनी चकचकीत करायची, अशी आमची रोज तू तू मैं मैं चालते. देवेंद्र म्हणतो, अर्धी आईची करा, अर्धी बाबांची. अजून निकाल लागलेला नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर मी ट्रंक उघडून बघितली. पुठ्ठा होता, पण तळाशी नव्हता, सगळ्यात वर होता, माझ्या शालूवर. कापडावरचं तुमचं वाकडं स्वस्तिक दिसत होतं. आणि चारी कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या होत्या. ते कापड आमच्या घरात आलं तेव्हापासून मी त्यांना सांगत होते, कसर लागेल, गोळ्या घाला. दर वेळी म्हणायचे, त्याला काय करायच्यात. ह्या वेळी बाजारात स्वतः गेले आणि घेऊन आले.

लोभ असावा. देवेंद्रच्या लग्नाला यायचंय तुम्हाला, पायाला काही झालं तरी.

आपली,
इंदुमती